चुलीला अनुदान नाही

आमच्या तालुक्यातल्या आधार संघाचं काम एवढंच, की लहान मंडळांना बसायला जागा द्यायची, त्यांची नोंदणी करून द्यायची, कारभार शिकवायचा. आता हे काम डोळ्यांना दिसणार कसं? पण अनुदान खात्याचे बोकील साहेब दर तपासणीला तेच तुणतुणं वाजवायचे. "प्रत्यक्ष काम मंडळं करतात. तुम्ही नुसती मदत करता. मदतीला अनुदान नाही!"

समजावून सांगताना संघाच्या अंजनाताईंच्या तोंडाला फेस आला. अनुदान अडलं तर संघाला कुलूप लागणार, आणि एकट्या म्हाताऱ्यांना डबे पोचवणाऱ्या मंडळापासून सगळी उघड्यावर पडणार.

या खेपेलाही साहेब आले ते बरोबर जेवणाच्या वेळेला. ताईंनी पाट मांडला, रांगोळी काढली, केळीचं पान ठेवलं. पानावर वाढले मूठभर कच्चे तांदूळ, कोरडी डाळ आणि एक अख्खं वांगं.

"हे काय, बाई?" साहेब कडाडले.

"जेवण," ताई म्हणाल्या. "भात तांदळाचा, वरण डाळीचं. चूल आणि पातेलं नुसती मदत करतात. तुमच्या नियमात मदतीला जागा नाही, म्हणून आम्ही ती वापरलीच नाहीत."

साहेबांनी वांग्याकडे पाहिलं. पोटात कावळे ओरडत होते. शेवटी पडेल आवाजात त्यांनी विचारलं, "चूल पेटवायला किती वेळ लागेल?"

ताईंनी फाइल पानाशेजारी सरकवली.

"तुम्हाला सही करायला लागेल तेवढाच."