हुदलीकर सरांची पिन

चूक सगळी हुदलीकर सरांची, हे आधीच सांगितलेलं बरं. आयटीआयमध्ये बावीस वर्षं त्यांनी लेथ मशीन झाकून ठेवला आणि फळ्यावर काढून शिकवला. मग सरकारनं त्यांना महिनाभर क्रेनच्या पिना बनवणाऱ्या कारखान्यात काम शिकायला धाडलं, तर तो महिना त्यांनी कॅन्टीनमध्ये काढला. शेवटच्या दिवशी स्वतः केलेली एक पिन दाखवून फॉर्मवर सुपरवायझरची सही घ्यायची होती. सही मिळाली की गटनिदेशकाची बढती पक्की.

सुपरवायझर होती रझिया मुलाणी, सरांच्याच वर्गाला कंटाळून आयटीआय सोडलेली.

सरांनी कोपऱ्यातल्या लाल खोक्यातली एक पिन उचलून तिच्या टेबलावर ठेवली. "मी केलीय. कर गं सही. गुरूला असं तिष्ठत ठेवू नये."

"झकास झालीय, सर," रझिया म्हणाली. "आता ही क्रेनला लावू, दोन टन माल उचलू. ज्यानं पिन केली त्यानं खाली उभं राहायचं. चला."

सर जागचे हलले नाहीत. त्यांनी विचारलं, "ते लाल खोकं कसलं गं?"

"नापास मालाचं. इथं पहिल्याच दिवशी कळतं ते."

"मग ही मी केलेली नाही."

रझियानं फॉर्मवर तेवढंच वाक्य लिहिलं, सरांच्या नावानिशी, आणि खाली सही केली.

हुदलीकर सर निवृत्तीपर्यंत साधे निदेशकच राहिले.