राजेसाहेब आणि रंगाचे थर

राजघराण्याच्या तसबिरी रंगवून कंटाळलेले चित्रकार भार्गवराव पिंगुळकर पुढे निव्वळ रंगांकडे वळले. नदीच्या पुराने घाटाच्या भिंतीवर चढवलेला गाळ पाहून त्यांना थरांचा नाद लागला. वर्षभर खपून, रंगावर रंग चढवून केलेलं चित्र त्यांनी दरबारात मांडलं.

राजेसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "यात ना माणूस, ना झाड! खरं चित्र खाली दडलं असेल. थर खरवडून काढा."

भार्गवरावांनी मान लववली.

"जशी आज्ञा, सरकार. फक्त आधी आपण शिरपेच आणि अंगरखा उतरवून बाजारात एक फेरी मारून यावं. लोकांनी ओळखून मुजरा केला, तर मी लगेच खरवडायला घेतो."

राजेसाहेबांचा हात नकळत शिरपेचाकडे गेला.

"चित्र आहे तसंच दिवाणखान्यात लावा," ते म्हणाले.