हरणीची वेळ

“घरी कोण हाय?” उमेदनाथ महाराजांनी पुन्हा विचारलं.

“ज्यानं घरच सोडलं, त्याला घरचं कोण असणार, महाराज?”

हे उत्तर त्र्यंबकाचं स्वतःचं होतं. मठाची टेकडी चढताना त्याने ते मनाशी घोळवून पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते त्याला आधीपेक्षा बरं वाटलं होतं.

महाराज धुनीतली राख सारखी करत राहिले...

“बरं,” ते म्हणाले. “मग काय पायजे?”

“दीक्षा.”

मागायला आलेला माणूस असा कच्चा नव्हता. पोथ्या पाठ, उपास कडक, बोलणं धारदार. गावात त्याच्याशी वाद घालायला कीर्तनकारसुद्धा कचरत. पण घरी म्हातारी आई होती आणि बायको शेवंता होती, हे काही तो महाराजांना बोलला नाही. शेवंताला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हाच त्याने निघायचं ठरवलं. आता अडकलो तर जन्माचे अडकलो, असं त्याला वाटलं. निघताना ती दाराशी उभी राहून म्हणाली होती, “माझं होईस्तोवर तरी थांबा. मला माहेर नाही.”

तो थांबला नाही. थांबला असता तर वैराग्यच लटकं ठरलं असतं, अशी त्याची समजूत.

महाराजांनी चिमट्याने धुनीपलीकडे दाखवलं. तिथे एक उंच, सडपातळ शिकारी कुत्री पायांवर तोंड ठेवून पडली होती. रंग वाळल्या गवताचा, डोळे मात्र काळेभोर.

“ही हरणी. पहिल्यांदा माजावर आली तवा मी तिला कुत्रं दाखवलं न्हाई. ती सोताच पिल्लू हुती. आता भरलीय. अवंदा लावायची. तिचं समदं तू बघ. ती मोकळी झाली की तुझी दीक्षा.”

महाराज थट्टा करत असावेत म्हणून त्र्यंबक जरा थांबला. ते थट्टा करत नव्हते.

“कुत्रीचं बाळंतपण करू मी?”

“का? पोथीत न्हाई व्हय?”

यात टोमणा होताच, पण मायेचा होता. तो त्र्यंबकाला कळायला बरेच दिवस जावे लागले.

कामाला मात्र तो वाघ होता. गुरांच्या दवाखान्यातून जंताची गोळी आणली. उन्हात बसून हरणीच्या कानांतल्या गोचिड्या वेचल्या. सकाळ-संध्याकाळ तिला माळावर फिरवून आणलं. ती अंगाने जरा भरली तशी त्याने महाराजांना अभिमानाने दाखवली.

महाराजांनी तिच्या कुशीवरून हात फिरवला. “फासळ्या हाताला लागाव्यात, डोळ्याला दिसू नयेत. लई चारू नकोस. चरबी चढली की कळा सोसवत न्हाईत.”

ती माजावर आल्यावर खालच्या वाडीतला बिरा मेटकरी आपला कुत्रा घेऊन आला. चांगला छातीचा, देखणा कुत्रा. दोघांना एकमेकांची ओळख होऊ दिली, घाई केली नाही. दोन-तीन दिवसांनी बिरा त्याला दोरीला लावून घेऊन गेला. टेकडी उतरताना कुत्र्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

“त्याचं काम झालं,” त्र्यंबक म्हणाला.

“व्हय,” महाराज म्हणाले. “त्याचं झालं.”

आणि ते हरणीला पाणी ठेवायला गेले.

पुढे एकादशी आली. त्र्यंबकाचा कडक उपास. मठातली कुत्री, तीही गाभण, पोटात नवे जीव... गर्भावर संस्कार नकोत का? त्याने हरणीपुढे भगर आणि दाण्याची आमटी ठेवली. हरणीने वास घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. ती इतकी सभ्य होती, की पुन्हा एकदा वास घेतला. मग जाऊन सावलीत पडली.

महाराज हे सगळं ओट्यावरून पाहत होते.

“तिला कुठं धाडाय निघालास? वैकुंठाला?”

“सात्त्विक आहार...”

“ती कुत्री हाय, त्र्यंबका. तुझा उपास तुझ्यापाशी ठेव.”

त्यांनी बाजरीची भाकरी दुधात कुस्करली, वर अंडं फोडलं, आणि थाळी त्याच्याच हातात दिली. हरणीने ती चाटूनपुसून लख्ख केली. मग त्याचा हातही चाटला. त्र्यंबकाने उठून हात धुतला, पण लगेच नाही.

पोट दिसू लागल्यावर त्याने बाळंतिणीची जागा केली. मठातल्या समाधीच्या मंडपात, कोपऱ्यात. फरशी सारवल्यासारखी स्वच्छ पुसली, गोणपाटं धुऊन अंथरली, अंगारा टाकला. हरणीला तिथे नेलं की ती मान खाली घालून उभी राही, आणि तो वळला की सरपणाच्या खोपीत जाऊन लाकडांमागची माती उकरत बसे.

“एवढी पवित्र जागा सोडून ही अडगळीत जाते,” तो महाराजांपाशी कुरकुरला.

“तिला इचारलंस?”

“काय?”

“कुठं बरं वाटतं ते.”

त्र्यंबकाने गोणपाटं उचलली आणि खोपीत नेऊन टाकली.

एका दुपारी तो तिच्याजवळ बसून तिची कूस चाचपत होता, आणि तळव्याखाली काहीतरी सरकलं. एवढंसं, आतून. त्याने हात चटकन काढून घेतला. मग इकडेतिकडे पाहून पुन्हा ठेवला.

शेवंताने एकदा त्याचा हात धरून असाच आपल्या पोटावर न्यायला पाहिला होता. तेव्हा अजून हलण्यासारखं काही नव्हतं, तरी. त्याने हात सोडवून घेतला होता आणि पोथी उघडली होती. ते आठवून त्याला फार वाईट वाटलं. त्या दिवशी जपात त्याची माळ सारखी अडखळत राहिली.

आणि मग एका सकाळी हरणीने थाळीला तोंड लावलं नाही.

“आज,” महाराज म्हणाले. त्यांनी नवं कापड गेरूत बुडवलं, पिळलं आणि खोपीसमोरच्या दोरीवर वाळत घातलं. दीक्षेचं वस्त्र. महिनोन्‌महिने त्र्यंबक ज्याची वाट पाहत होता, ते समोर वाऱ्यावर हलत होतं.

हरणी धापा टाकत होती, उठत होती, उकरत होती, पुन्हा पडत होती. अंगातून थरथर जात होती. त्र्यंबक तिच्या उशाशी बसला होता. ऊन डोक्यावर आलं, त्याच्या जपाची वेळ झाली, तसा तो उठला.

हरणीही उठली. कळ अर्धी टाकून, पोट सावरत, त्याच्या मागे मागे आसनापर्यंत आली.

त्याने तिला परत नेलं आणि पुन्हा निघाला. ती पुन्हा आली.

महाराज खोपीच्या दाराशी बसले होते.

“जप राहतोय, महाराज.”

“मला कशाला सांगतोस? तिला सांग.”

त्र्यंबकाने खाली पाहिलं. ते काळेभोर डोळे त्याच्यावर लागले होते. त्यांत धाक नव्हता, हट्टही नव्हता. तो जाईल की राहील, एवढंच ती पाहत होती.

त्याने हातातली माळ कमरेला खोचली.

तो परत खोपीत गेला आणि भिंतीला टेकून बसला. हरणीने त्याच्या मांडीवर मान टाकली. मग कळा जोरात सुरू झाल्या.

पहिलं पिल्लू आलं. पातळ पिशवीत गुंडाळलेलं, ओलं, काळपट. हरणी दचकून त्याच्याकडे बघत राहिली.

“फाडू का पिशवी?” त्र्यंबकाने विचारलं.

“जरा थांब. तिला कळंल.”

तिला कळलं. तिने पिशवी चाटून फाडली, नाळ तोडली, आणि ते एवढंसं ढेकूळ चाटून चाटून जिवंत केलं. ते चिरकलं, तेव्हा त्र्यंबक मोठ्याने हसला. आपण शेवटचं कधी हसलो, ते त्याला आठवेना.

दुसरंही असंच सुखरूप आलं. मग बराच वेळ काही नाही. हरणी थकली होती. तो तिच्या कानामागे खाजवत तिला काहीबाही सांगत राहिला, पावसाचं, गावचं, आईच्या गुडघ्याचं.

तिसरं आलं ते थंड. हलत नव्हतं. हरणीने पिशवी फाडली, दोनदा चाटलं, नाकाने ढकललं, आणि तोंड फिरवून आधीच्या दोघांकडे वळली.

त्र्यंबकाने ते उचललं. गोणपाटं भिजून चिंब झाली होती, हातरुमालही. तो तसाच बाहेर धावला आणि दोरीवरचं भगवं कापड ओढलं. ओढताना ते खुंटीला अडकून टर्रकन फाटलं. त्याने त्यात पिल्लाला गुंडाळलं, तोंडातला चिकटा बोटाने काढला, मान सांभाळून डोकं खाली धरलं आणि पाठ चोळू लागला. चोळतच राहिला.

“ये,” तो म्हणत होता. “ये रे बाबा. ये. मी आहे. ये ना...”

महाराज उठून उभे राहिले होते.

पिल्लाचं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं, आणि एक बारीक, चिडका आवाज आला.

त्र्यंबक तिथेच अंगणात मटकन बसला. पिल्लू छातीशी धरून तो रडला, हुंदके देऊन, लाज न बाळगता.

बऱ्याच वेळाने त्याने ते नेऊन हरणीच्या कुशीत, सडाला लावलं. ते लुचू लागलं, तेव्हा कुठे त्याचं लक्ष हातातल्या कापडाकडे गेलं. अर्ध्यावर फाटलेलं, रक्ताने आणि चिकट्याने माखलेलं.

“वस्त्र खराब केलं मी.”

“कापड हाय,” महाराज म्हणाले.

“दीक्षेचं होतं.”

महाराजांनी ते त्याच्याकडून घेतलं आणि घडी करून पिल्लांच्या खाली सारलं.

हरणीने दमून डोळे मिटले. बाहेर ऊन कलू लागलं होतं.

“तिच्यासाठी मी काहीच केलं नाही, महाराज,” त्र्यंबक म्हणाला. “नुसता बसून होतो.”

“हं.”

...

“महाराज.”

“बोल.”

“घरी बायको आहे.”

शेवंताचे दिवस भरत आले असतील, आणि ती घरात कोणाच्या मांडीवर मान टाकणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याने दाराबाहेर पाहिलं. टेकडीवरून उतरणारी वाट अजून उजेडात होती. आता निघालं, तर खालची एसटी मिळाली असती.

महाराज मठात गेले. दोन भाकऱ्या फडक्यात बांधून आणल्या आणि त्याच्या हातात दिल्या. त्र्यंबकाने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, हरणीच्या कपाळावर हात ठेवला, आणि चपला घातल्या. अंगणाच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला.

“मला परत येऊ द्याल ना, महाराज?”

महाराज खोपीत त्याच्याच जागी बसले होते. तिसरं पिल्लू सडापासून सुटलं होतं, ते त्यांनी बोटाने हळूच परत लावलं. वर पाहिलं नाही.

“येताना तिघं या.”