सावळीचं विरजण

वाडग्यासारख्या खोल अशा एका देशात दोन जमाती राहत होत्या. त्यांच्या आभाळाला एकच गोल झरोका होता आणि सगळा उजेड तिथूनच येई. चढणीवर रातवे राहत. अंधारातला उजेडाचा कणही ते ओंजळीत झेलत. मधल्या खळग्यात रंगारी राहत. ते थोडेच होते, पण लाल, हिरवा, निळा त्यांच्यावाचून कुणाला धरता येत नसे. काळ्या कातळातून दुधासारखा रस पाझरे आणि त्यावर सारे जगत.

रातव्यांच्या वंशात एक दुखणं होतं. नाकडोळे मिळावेत तसं ते आईबापांकडून लेकरांना मिळे. भर उमेदीत हात थरथरू लागत, उजेड सांडू लागे आणि एक दिवस माणूस विझून जाई. आधी काठावरची घरं रिकामी झाली, मग त्यांच्या आतली.

"रात्री गेल्या, दिवस तर आपलेच आहेत ना?" रंगाऱ्यांचा मुखिया पारवा म्हणाला, आणि खळग्यात कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

मग रंगारीच वाळू लागले. झरे काठोकाठ भरलेले, लोक पोटभर पीत, तरी अंगी काही लागेना. केशर नावाच्या रंगारणीची बहीण हिरवा धरता धरता खाली बसली. केशरने तिच्या ओठांशी रस धरला. तिने तो प्यायलाही, पण पुन्हा उठली नाही.

बहिणीला निरोप देऊन केशर चढण चढू लागली. कशासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं. ओस पडलेल्या घरांमधून जाता जाता एका दारात तिला सावळी नावाची म्हातारी दिसली. रातव्यांतली आता ती एकटीच उरली होती.

"दमलीस गं. घे, थोडा रस घे," म्हणत म्हातारीने थरथरत्या हाताने वाटी भरली. तिची बोटं रसात बुडाली.

केशर प्यायली आणि कित्येक दिवसांनी तिच्या अंगात ऊब आली.

"मावशी, रस तर तोच आहे. मग इथे अंगी कसा लागला?"

सावळी आपल्या ओल्या बोटांकडे बघत राहिली. "आमच्या अंगातून काहीतरी झिरपत असेल. विरजणासारखं. उताराने तुमच्याकडे जात असेल. आम्हाला कुठे ठाऊक!"

"चल माझ्याबरोबर. तुला उचलून नेते."

"मी विझायचीच, बाई. ते काही चुकत नाही. हे ने."

तिने वाटीतला उरलेला रस पुढे केला. वाटी घट्ट धरून केशर तो खाली घेऊन आली.

"रातव्यांच्या हातचं?" पारवा मागे सरकला. "त्यांचं दुखणं आपल्याला लागलं तर?"

"उपाशी तर मरतोच आहोत," केशर म्हणाली आणि सगळ्यांसमोर एक घोट प्यायली. तिच्या तळहातात मावळत आलेला तांबडा पुन्हा भडक झाला. तेव्हा एकेक जण भांडं घेऊन पुढे आला. थेंबभर विरजण प्रत्येकाने आपल्या रसात घातलं, मुरवलं आणि त्यातलंच थोडं पुढच्यासाठी राखलं.

काहींना उशीर झाला होता. सावळीही गेली. चढण सगळी काळी पडली आणि ती तशीच राहिली. मावळतीनंतर त्या देशात कुणालाच काही धरता येईना. उरला तो मधला खळगा, खांद्याला खांदा लावून उभा असलेला.

एका सकाळी झरोक्यातून एका लहान मुलीचं चित्र उतरलं. पिवळा झगा, हिरवी रिबीन, पुढचा एक दात पडलेलं हसू. सगळं उलटं, पाय वर आणि डोकं खाली. रंगाऱ्यांनी ते अलगद झेललं. झगा केशरच्या वाट्याला आला.

दुरून कुठून तरी आवाज आला, "आई, दिसते का गं मी?"

झरोक्यावर पाणी दाटलं. पापणी लवावी तसं आभाळ क्षणभर मिटलं आणि पुन्हा उघडलं.