गुण्याचा झिजलेला कोपरा

फार पूर्वी एका कंपासपेटीत गुण्या मोठ्या मानाने राहत असे. त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढताना लंब टाकायचा, तर त्याच्यावाचून कुणाचे पान हलत नसे.

एकदा एका त्रिकोणाच्या पोटातच शाई सांडली आणि लंब काढणे अशक्य झाले. कोनमापक शांतपणे म्हणाला, "लंब राहू द्या. दोन बाजूंचा गुणाकार करा, त्यांच्यामधल्या कोनाच्या साइनने गुणा आणि निम्मे करा." उत्तर अचूक आले. मोजपट्टीबाईंनी त्याचे तोंडभरून कौतुक केले आणि गुण्याच्या पोटात दुखू लागले.

पेटी मिटताच त्याने आपला अणकुचीदार कोपरा घासघासून कोनमापकाच्या अंगावरचे आकडे पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी नवा त्रिकोण आला. कोनमापक चाचपडत म्हणाला, "गुण्याभाऊ, मला आज आकडे दिसत नाहीत. पण हा कोन तीस अंशांचा वाटतो. तुमचा तीस अंशांचा कोपरा त्यात नेमका बसला, की साइन अर्धा. आजचा मान तुमचा."

गुण्या ऐटीत पुढे सरसावला. पण त्याचा तो कोपरा पार बोथट झाला होता. कोनाच्या टोकापर्यंत तो पोहोचेचना.

"तरीच," मोजपट्टीबाई म्हणाल्या, "काल पेटीत करकर ऐकू येत होती."