डोंग्याची चित्रं

"ते राहू द्या, भंते. मेलेल्या माणसाची परवानगी कशी घ्यायची, तेवढं सांगा."

भंते उपसेन विहाराच्या पायरीवर बसले होते. समोर प्रबोध मेश्राम उभा. लहानपणी याच विहारात तो त्यांच्याकडे गाथा शिकला होता. आता नागपुरात नोकरीला होता, आणि सकाळच्या एसटीनं आला होता तो भांडायच्या तयारीनंच.

त्यानं मोबाइलवरचा एक गेम बनवला होता. आयुष्यातला पहिला. नाव ‘डोंगा’. पुराच्या नदीतून होडीनं माणसं पलीकडे न्यायची, एकालाही बुडू द्यायचं नाही. प्रोग्रॅम सगळा प्रबोधचा. चित्रं सगळी अश्वजित रामटेकेची, त्याच्या बालमित्राची. चित्रं पुरी झाली आणि त्याच आठवड्यात अश्वजित डेंग्यूनं गेला.

आता गेम अ‍ॅप स्टोअरकडे पाठवायचा होता. बाकी सगळं भरून झालं होतं. एकच चौकोन रिकामा होता. ‘यातली चित्रं माझी आहेत, किंवा ती वापरण्याची मला परवानगी आहे.’ तिथं टिक केल्याशिवाय गेम पुढं जात नव्हता.

"कर की टिक," भंते म्हणाले. "कोण बघतंय?"

"खोटी करू? पंचशील तुम्हीच दिलंत ना मला?"

"मग खरी कर."

"कायद्यानं हक्क आता त्याच्या वडिलांचा. ते द्यायचे नाहीत. कॉम्प्युटरनं माझं पोरगं खाल्लं, असं गावभर सांगतात. त्यांना काय कळतंय यातलं?" प्रबोधचा आवाज चढला. "अश्वजित कलावंत होता, भंते. अंगात ताप होता तरी काढत होता. मी काढ म्हटलं नव्हतं."

"थांब म्हणालास?"

प्रबोधनं मोबाइल उगाच चालू केला, बंद केला.

विहाराच्या बाजूला एक म्हातारा वाकून पिंपळाच्या रोपाला पाणी घालत होता. भंते उठले. त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या हातातली बादली त्यांनी आपल्या हातात घेतली.

"डोमाजी, हा तुमच्याकडे आलाय. बसा त्याच्याजवळ."

आल्यापासून त्यानं त्या म्हाताऱ्याकडे धड पाहिलंही नव्हतं. ते अश्वजितचे वडील होते.

डोमाजी पायरीवर येऊन बसले. प्रबोधही शेजारी टेकला. दुपट्ट्याला हात पुसले.

"बोल बापू."

एसटीत सबंध वाट तो हेच बोलणं मनात घोळवत आला होता. त्यातलं एक वाक्य आठवेना.

"काकाजी, या गेममध्ये अश्वजितची चित्रं आहेत. वापरू का?"

"दाखव."

प्रबोधनं मोबाइल पुढं धरला. गढूळ नदी. डोंगा. डोंग्यावर बांबू धरून उभा असलेला नावाडी. भात गिरणीत पोती वाहून डोमाजींचा डावा खांदा उतरला होता. नावाड्याचाही तसाच उतरलेला.

"हा तं मी आहो," डोमाजी म्हणाले.

बराच वेळ ते बघत राहिले.

"शेवटचं कोनतं काढलं त्यानं?"

प्रबोधनं पैलतीराचं चित्र उघडून दाखवलं. चार घरं, एक चिंच. रेषा सगळ्या हललेल्या. डोमाजींनी डोळे अगदी काचेजवळ नेले.

"इथं हात थरथरला त्याचा."

"नाही काकाजी," प्रबोध घाईनं म्हणाला. "पावसातून दिसतं ना, तसं दाखवलंय. मुद्दाम."

"मुद्दाम का..."

त्यांनी चिंचेवरून अंगठा फिरवला. चित्र सरकून नाहीसं झालं. म्हाताऱ्यानं हात एकदम मागे घेतला.

"गेलं काय रे?"

"नाही, नाही. आहे." प्रबोधनं ते परत आणलं.

डोमाजींनी मान हलवली. "घे मंग. त्याच्या हातचं आहे. पाहू दे लोकाईले."

ते उठले, भंतेंना वंदन केलं आणि घराकडे निघाले. वळणावरून दिसेनासे होईपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.

प्रबोधनं टिक केली. बटण दाबलं. ‘तपासणीसाठी पाठवला आहे,’ असं पडद्यावर उमटलं.

हे झालं की पहिला फोन कुणाला करायचा, ते केव्हाच ठरलेलं होतं. तो नंबर आता लागत नव्हता.

तो मोबाइल हातात घेऊन बसून राहिला. भंते रोपाशी उकिडवे बसून पाणी घालत होते, थोडं थोडं, मुरेल तसं.

"परवानगी मिळाली, भंते. त्यांनी स्वतःच्या तोंडानं दिली."

"ऐकलं मी."

"मग छातीवरचं ओझं उतरत का नाही?..."

भंतेंनी बादली पालथी केली. उरलेले थेंब मुळाशी पडू दिले.

"तू त्यांच्याकडे चित्रंच मागितलीस."