पहाऱ्याची फांदी

एका रानात, करवंदीच्या जाळीपाशी, सातभाई पक्ष्यांचा एक थवा राहत असे. नाव सातभाई, पण बाळांनो, त्यात मावश्या होत्या, आत्या होत्या, आणि कलकलाटात त्याच पुढे असत. थवा खाली पाचोळा उलथून किडे टिपी, तेव्हा एक जण पळसाच्या उंच फांदीवर बसून शिक्रा हा शिकारी पक्षी येतो का, यावर नजर ठेवी. पाळी सगळ्यांची येई. पहारा करणाऱ्याने मात्र सर्वांत शेवटी खायचे, असा रिवाज होता.

थव्यातल्या धाकटीला पहाऱ्याची पाळी नुकतीच मिळू लागली होती, आणि तिला भूक फार. "आत्या, हा रिवाज घातला कुणी?" तिने विचारले.

"मला काय ठाऊक? माझ्या आधी मावशी बसायची."

मावशी म्हणाली, "माझ्या आधी आजोबा बसायचे. झाले प्रश्न? चल, वर जा!"

आजोबा एका पायाने लंगडे. ते हसून म्हणाले, "माझ्याही आधी कुणीतरी बसायचंच की, पोरी."

धाकटी वर जाऊन बसली. एवढ्यात खाली वाळवी सापडली आणि एकच गलका उडाला. धाकटीला वाटले, 'इथे ना राजा, ना शिपाई. मी उठले तर मला अडवणार कोण?' आणि खरेच, कुणी अडवले नाही. ती हळूच उतरली आणि खाऊ लागली.

खाता खाता तिच्या ध्यानात आले, कुणीच मान वर करत नव्हते. लंगडे आजोबा तर उघड्यावर, आभाळाकडे पाठ करून, निवांत टिपत होते. तिच्याच भरवशावर! तिने दचकून वर पाहिले. फांदी रिकामी होती, आणि फांदीमागून शिक्रा झेपावत येत होता.

"पळा!" ती किंचाळली. थवा जाळीत घुसला. आजोबा मागे पडले, तसे धाकटीने त्यांना धक्का देऊन काट्यांत लोटले. शिक्र्याच्या हाती त्यांच्या शेपटीचे एक पीस तेवढे लागले.

"मी फांदीवरून उठले होते," धाकटी रडत म्हणाली. "फार भूक लागली होती."

"अगं, पण आता अशी शेपूट घेऊन मी लग्नकार्याला जाऊ कसा?" आजोबा म्हणाले, आणि भेदरलेला थवा खुदकन हसला.

मावशी मात्र फणकारली, "भूक असली म्हणून काय झालं? रिवाज म्हणजे रिवाज!"

"तो काही आभाळातून पडला नाही, बाई," आजोबा सावकाश म्हणाले. "आपण बसतो म्हणून तो आहे. कुठे टोचत असेल तर आपणच नीट करू."

दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता धाकटी फांदीवर जाऊन बसली. खाली गलका सुरू झाला. थोड्या वेळाने मावशी वर आली आणि एक टपोरी अळी तिच्यापुढे ठेवून म्हणाली, "घे. आणि नजर समोर!"

तात्पर्य : समाजाचा नेम कुणाच्या हुकमावर नव्हे, प्रत्येकाने आपली पाळी राखण्यावर उभा असतो. तो जाचत असेल तर चोरून मोडू नये, सर्वांशी बोलून सुधारावा.